लबाड नायक प्रेक्षकाला चालतो का? जेर्मीच्या 'डिव्होर्स इटालियन स्टाइल'वरून सांगतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. पटकथा लिहून झालीय, कॉमेडी आहे, नायक तरुण आहे, कामधंदा काही करत नाही आणि सगळा वेळ दुसऱ्याला गुंडाळायचे डाव रचत बसतो. ज्यांना ज्यांना वाचायला दिली ते सगळे एकच सांगतायत की हा माणूस फार नालायक आहे, याला कुठेतरी चांगला दाखवा, आईचे पाय चेपताना दाखवा, रस्त्यावरच्या कुत्र्याला बिस्किट घालताना दाखवा, नाहीतर प्रेक्षक याच्याबरोबर दोन तास बसणार नाही. आणि विचारणाऱ्याचं म्हणणं असं की युद्धानंतरच्या इटालियन कॉमेडीत तर झाडून सगळे नायक असलेच असतात, मग तिथे ते कसं काय चाललं?

मी बरीच वर्षं पटकथा लिहितोय, शिकवतोही, आणि हा प्रश्न आला की मी पिएत्रो जेर्मीच्या १९६१ च्या सिनेमाकडेच जातो. इटालियन नाव 'दिव्होर्त्सिओ आल्लितालियाना', आपल्याकडे 'डिव्होर्स इटालियन स्टाइल' म्हणून माहितीय. त्या काळातल्या इटालियन कॉमेडीच्या सगळ्या प्रवाहाला पुढे 'कोम्मेदिया आल्लितालियाना' हे जे नाव पडलं ते याच सिनेमाच्या नावावरून, इतकी त्याची छाप पडली. (यापुढे सगळी गोष्ट शेवटासकट सांगणार आहे, त्याशिवाय मुद्दा सांगताच येत नाही.)

उत्तर आधीच देऊन टाकतो. नायकाला सुधारू नका. वाचणाऱ्यांची तक्रार नायकाबद्दल असली तरी अडचण बहुतेक वेळा त्याच्या भोवतीच्या जगात असते. एकटाच माणूस लबाड आणि बाकीचं जग सरळ असलं की तो फक्त वाईट दिसतो आणि त्याच्याबरोबर बसायचा कंटाळा येतो. पण त्याच्या लबाडीला गावाचा, घरच्यांचा आणि वर कायद्याचा पाठिंबा आहे असं दिसलं की तोच माणूस बघवतो, आणि याचं पुढे काय होतंय ही उत्सुकता सुटत नाही. जेर्मीने हे इतकं नीट करून दाखवलंय की एकेक धागा उलगडून बघण्यासारखा आहे.

गोष्ट सिसिलीतली. आग्रामोंते नावाचं काल्पनिक गाव, शूटिंग रागुसा इब्ला, इस्पिका, कातानिया या भागातलं. फर्दिनांदो चेफालू, घरचे फेफे म्हणतात, सरदार घराण्यातला बॅरन, वय ३७, पण आयुष्यात केलं काहीच नाही, वडिलांच्या वाड्यात राहतो, दुपारी झोपतो, संध्याकाळी क्लबात. घराण्याची रया गेलीय, वाड्याचा एक भाग नातेवाइकांच्या ताब्यात गेलाय, आणि त्या समोरच्या भागात राहते आंजेला, त्याची चुलत बहीण, सोळा वर्षांची. हा संडासाच्या खिडकीतून तिच्या खोलीकडे बघत उभा राहतो. याची बायको रोझालिया, अतिशय प्रेमळ, इतकी की दिवसातून दहा वेळा माझ्यावर प्रेम आहे ना म्हणून विचारणार. फेफेला आंजेला हवीय. म्हणजे रोझालियाला बाजूला करायला हवं. आणि १९६१ च्या इटलीत घटस्फोट हा प्रकारच नाही, कायद्यातच नाही, लग्न मरेपर्यंत.

मग त्याला रस्ता सापडतो तो पीनल कोडच्या पुस्तकात. हे जेर्मीने रचलेलं नाही. मुसोलिनीच्या काळातला १९३० चा रोक्को कोड युद्धानंतरही तसाच चालू होता, त्यातलं ५८७ वं कलम : बायको (किंवा नवरा), मुलगी किंवा बहीण यांचे अनैतिक शरीरसंबंध उघड होताना बघून, आपल्या किंवा घराण्याच्या अब्रूला धक्का लागल्याच्या संतापात जो कुणी तिला मारेल त्याला तीन ते सात वर्षं. साध्या खुनाला कमीत कमी एकवीस वर्षं आणि अब्रूसाठी केलेल्या खुनाला तीन! फेफे हे कलम वाचतो आणि तिथून सिनेमाचं इंजिन सुरू होतं.

आता पटकथा लिहिणाऱ्याने इथे थांबून बघायला हवं, कारण सगळी कारागिरी इथे आहे. या कलमाचा फायदा घ्यायचा तर बायकोचा प्रियकर पाहिजे. रोझालियाला प्रियकर नाही, ती नवऱ्यावर जीव टाकते. म्हणजे फेफेचं अवघड काम खून करणं हे नाहीच, अवघड काम आहे आपल्याच बायकोला दुसऱ्या माणसाच्या प्रेमात पाडणं. जगातल्या सगळ्या नवऱ्यांना ज्या गोष्टीची धास्ती असते ती गोष्ट घडावी म्हणून हा गावभर उमेदवार शोधत फिरतो. कॉमेडी जन्मते ती या उलट्या गणितातून. नायक काय करतोय हे आपल्याला माहीत असतं, का करतोय तेही माहीत असतं, आणि त्याचं एकेक पाऊल त्या कलमाच्या शब्दांना धरून इतकं तर्कशुद्ध पडतं की आपण त्याच्या बाजूने विचार करायला लागतो. बाजूने म्हणजे तो आवडायला लागतो असं नाही हं, हा फरक फार महत्त्वाचा आहे. त्याला हे जमेल का, कसं जमेल, आता अडलं तर काय करेल, या प्रश्नांत आपण अडकतो. प्रेक्षकाची सहानुभूती आणि प्रेक्षकाची गुंतवणूक या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या वाचकांनी मागितलेल्या बिस्किटाने सहानुभूती मिळेल कदाचित, गुंतवणूक मिळणार नाही.

फेफेला शेवटी माणूस सापडतो कार्मेलो पाताने, चित्रकार, रोझालियाचा जुना चाहता, युद्धात मेला असं सगळे समजून होते. त्याला वाड्यातली भिंतीवरची जुनी चित्रं दुरुस्त करायला बोलावून घेतात. (लिओपोल्दो त्रिएस्तेने हा घाबरट, हळवा माणूस असा केलाय की त्याच्यासाठी पुन्हा एकदा सिनेमा बघावा.) त्या दोघांना एकांत मिळावा म्हणून फेफे घर रिकामं करतो, टेपरेकॉर्डर लपवून ठेवतो, आणि रात्री बसून टेप ऐकतो की गाडी कुठवर आली, आणि नेमकं काही घडणार असं वाटतं तिथे टेप संपते. नवरा बायकोच्या व्यभिचाराचा पुरावा ऐकायला आतुर झालाय आणि टेप संपली म्हणून चिडतोय. या प्रसंगात विनोदाची एकही ओळ लिहिलेली नाही, सगळं हसू त्या परिस्थितीतून येतं. मी शिकवताना हा प्रसंग घेतो तो याचसाठी, कारण आपल्याकडे कॉमेडी म्हटलं की पोरं आधी संवाद लिहायला बसतात, पंच शोधत बसतात, आणि मग तो पंच मारायला पात्रं गोळा करतात.

आता वकिलाचा आवाज. माझ्या मते सिनेमातली सगळ्यात हुशार गोष्ट. सुरुवातीला एक खटला चालू असतो, एका बाईने आपल्याला फसवणाऱ्या माणसाला मारलेलं असतं, आणि दे मार्झी नावाचा वकील तिच्या बाजूने असलं तडाखेबंद, रडवणारं भाषण ठोकतो, अब्रू काय, घराणं काय, जखमी काळीज काय. फेफे ते ऐकतो. आणि त्यानंतर सिनेमाभर, फेफे जे जे करत जातो त्यावर त्याच्या डोक्यात दे मार्झीचा आवाज वाजायला लागतो, जणू खून होऊन गेलाय, खटला उभा राहिलाय आणि वकील आपल्या अशिलाची करुण कहाणी कोर्टाला सांगतोय. पडद्यावर फेफे थंड डोक्याने बायकोला जाळ्यात ढकलतोय आणि आवाज सांगतोय की हा साधाभोळा, पत्नीवर आंधळा विश्वास टाकणारा पती, त्याला काय कल्पना! चित्र एक सांगतं आणि आवाज दुसरं, आणि दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यातून येतात. पटकथेत निवेदन वापरू नका म्हणून सगळीकडे सांगतात, मीही नवशिक्यांना सांगतो, पण इथे निवेदन गोष्ट पुढे सांगायला नाहीये, नायक स्वतःला कुठल्या भाषेत माफ करतो ती भाषा ऐकवायला आहे. आणि ती भाषा त्याची स्वतःची नाही, ती अख्ख्या समाजाने तयार करून ठेवलेली आहे, याने फक्त उचलली.

त्याच्या दिवास्वप्नांचंही तसंच. बायकोला मारायचे जे विचार त्याच्या मनात येतात ते मध्येमध्ये दिसतात, साबणाच्या उकळत्या कढईत, समुद्रकिनाऱ्यावरच्या रुतत्या वाळूत, एकदा तर रॉकेटमधून थेट अंतराळात (१९६१ साल, गागारिन त्याच वर्षी वर गेला, ती हवाच होती). हे प्रसंग क्षणभराचे आहेत, पण कामाचे आहेत, कारण त्यांनी आपल्याला सुरुवातीलाच कळतं की या माणसाच्या इच्छेत आणि कृतीत मोठं अंतर आहे, हातून काही होत नाही म्हणून स्वप्नं बघतोय. मग कायद्याचं कलम सापडतं आणि ते अंतर मिटतं. म्हणजे आळशी, दुबळ्या माणसाला खुनी बनवणारी गोष्ट कुठली, तर कायदा. हे सिनेमा एकदाही तोंडाने बोलत नाही.

गावाबद्दल जास्त लिहायला हवं. तुमची पटकथा इथेच कच्ची असणार असं मला प्रश्न वाचूनच वाटलं. आग्रामोंते हे गाव नुसतं लोकेशन म्हणून येत नाही, फेफेच्या कटात ते अख्खं सामील आहे, फक्त त्यांना कट माहीत नाही. चर्चमधला पाद्री व्यासपीठावरून लोकांना सांगतो की मत द्या, कुणालाही द्या, फक्त तो पक्ष लोकशाहीवादी आणि ख्रिस्ती असला पाहिजे, म्हणजे ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्ष, हे लहान पोरालाही कळावं. तोच पाद्री फेलिनीच्या 'ला दोल्चे व्हिता'वर तोंडसुख घेतो की हा पापी सिनेमा कुणी बघू नका, आणि त्या रात्री गावातला झाडून प्रत्येक पुरुष थिएटरात. आणि मास्त्रोयान्नी, जो १९६० च्या त्या सिनेमाचाच हिरो होता, तो इथे फेफे म्हणून त्याच सिनेमाला प्रेक्षकांत बसलाय, हा गमतीचा भाग वेगळा, पण जेर्मी या प्रसंगाला नुसती गंमत राहू देत नाही. सगळं गाव थिएटरात म्हणजे वाडा रिकामा, रोझालिया डोकं दुखतंय म्हणून घरी, आणि फेफे सिनेमा अर्धवट टाकून दोघांना रंगेहाथ पकडायला घरी पळतो. कथानकातली सगळ्यात मोठी चाल आणि गावाचं ढोंग उघडं पाडणारा सगळ्यात मोठा विनोद, दोन्ही एकाच प्रसंगात बसवलेत. पटकथेत अशी एक जागा जमली की बाकी दहा प्रसंगांचं ओझं ती उचलते.

घरी पोचतो तर दोघं पळून गेलेले. डाव फसला! रंगेहाथ पकडायची वेळ हुकली आणि फेफे गावात नुसताच बायको पळालेला नवरा होऊन बसला. इथून दुसरा भाग सुरू होतो आणि मला तो पहिल्यापेक्षाही जास्त आवडतो, कारण आता फेफे काहीच करत नाही. आजारी असल्याचं सोंग घेऊन पलंगावर पडून राहतो. आणि गाव त्याचं काम करायला लागतं. निनावी पत्रं येतात, शिव्या घातलेली, भ्याड म्हणणारी. बहिणीचं ठरलेलं लग्न मोडतं, कारण असल्या घरातली मुलगी कोण करणार. ओळखीचे लोक रस्त्यात तोंड फिरवतात. फेफेला हे सगळं हवंच आहे, एकेक अपमान म्हणजे उद्याच्या खटल्यातला एकेक पुरावा. कार्मेलोची बायको भर अंत्ययात्रेत सगळ्या गावासमोर फेफेच्या तोंडावर थुंकते. आता त्याने मारलं नाही तरच गाव त्याला माफ करणार नाही अशी वेळ आणून ठेवलीय. आणि ते दोघं लपलेत कुठे हा पत्ता त्याला गावचा माफिया प्रमुख आणून देतो, अगदी आपुलकीने. फेफे तिथे पोचतो तोवर कार्मेलोच्या बायकोने कार्मेलोला गोळी घातलेली असते, फेफेचं काम उरतं तेवढं तो करतो.

कम्युनिस्टांचा प्रसंग राहिलाच. रोझालिया पळून गेल्यावर उत्तरेकडून आलेला पक्षाचा माणूस गावातल्या कामगारांची सभा घेतो, स्त्रीमुक्तीवर बोलतो, आणि शेवटी विचारतो की तर मग कॉम्रेड, या बाईबद्दल आपण शांतपणे, पुढारलेल्या विचाराने काय निवाडा द्यायचा? आणि सगळी सभा एका सुरात तिला बाजारबसवी म्हणून ओरडते. पाद्री आणि कम्युनिस्ट एकमेकांचे पक्के वैरी, पण या एका गोष्टीवर गावात दुमत नाही. या अर्ध्या मिनिटाच्या प्रसंगाने जेर्मी फेफेला सोडवत नाही, उलट बाकीच्यांना त्याच्या शेजारी आणून उभं करतो.

हे कळलं की फेफेला चांगली बाजू का लागली नाही ते कळतं. तो शेवटपर्यंत आळशी, भित्रा, स्वार्थी आणि सोळा वर्षांच्या पोरीच्या मागे लागलेला माणूस राहतो. मास्त्रोयान्नीनेही त्याला कुठेही गोड केलेला नाही, तेलाने चापून बसवलेले केस, मिशी, सिगारेटची नळी, अर्ध्या मिटलेल्या पापण्या आणि तोंडाच्या कोपऱ्यातून दात चोखल्यासारखा एक आवाज, चक्, सारखा. त्या काळात तो इटलीतला सगळ्यात देखणा नट मानला जायचा, आणि त्याने आपलं देखणेपण असं वापरलंय की स्वतःच्या प्रतिष्ठेवर खूश असलेला माणूस किती पोकळ असतो ते दिसावं.

रोझालियाबद्दल मला मनापासून एक गोष्ट बोलायचीय कारण हे बहुतेक लिखाणात निसटतं. हे काम करणारी दानिएला रोक्का ही खरी सिसिलीची, आचिरेआलेची, सुंदर बाई, आणि तिला या सिनेमासाठी जुळलेल्या भुवया आणि ओठांवर बारीक लव लावून कुरूप केलीय. पहिल्यांदा बघताना तिची चिकट माया, तिचं सतत लगट करणं असह्य होतं आणि आपण फेफेच्या नजरेनेच तिच्याकडे बघायला लागतो. पण ही गोष्ट सांगतोय कोण? तुरुंगातून सुटून आगगाडीने घरी परत येणारा फेफे सांगतोय. आपल्याला दिसते ती त्याला दिसलेली रोझालिया. दुसऱ्यांदा बघा, आणि तिच्याकडे बघा, या अख्ख्या गावात खरं प्रेम करणारी ती एकटीच आहे, आधी नवऱ्यावर, नंतर कार्मेलोवर, आणि त्यासाठी घर, अब्रू सगळं सोडून जायची हिंमतही तिच्याकडेच आहे. मरते तीच. माझं मत असं की जेर्मीने तिला अजून दोन-चार प्रसंग तिच्या स्वतःच्या नजरेचे द्यायला हवे होते, इथे सिनेमा थोडा क्रूर होतो आणि ती क्रूरता फेफेची की दिग्दर्शकाची हे काही ठिकाणी नक्की सांगता येत नाही. तुमच्या पटकथेत ज्यांना फसवलं जातंय त्यांच्याकडे याच दृष्टीने एकदा बघून घ्या. फसणारे लोक मूर्ख असले की डाव रचणाऱ्याची हुशारीही स्वस्त होते.

शेवट सगळ्यांना माहीत असतो तरी सांगतो. थोड्याच वर्षांत फेफे सुटतो, गावात मान मिळतो, आंजेलाशी लग्न होतं. दोघं होडीत, ऊन, समुद्र, ती बिकिनीत, हा तिचं चुंबन घेतोय, आणि तिचा पाय होडी चालवणाऱ्या तरुण पोराच्या पायाशी खेळतोय. आंजेला झालेली स्टेफानिया सांद्रेल्ली तेव्हा स्वतः पंधरा वर्षांची होती. काही लोक याला फेफेला मिळालेली शिक्षा म्हणतात, मला ते पटत नाही. शिक्षा वगैरे काही नाही, हे त्या कलमाचं पुढचं पान आहे. ज्या नियमाने त्याला बायको मारायची मुभा दिली तो नियम अजून तिथेच आहे, फक्त आता तो नवरा म्हणून त्याच्या दुसऱ्या बाजूला आलाय. जेर्मीने वरून न्याय आणून गोष्ट बंद केली नाही, नियम चालू ठेवला.

आता याची दुसऱ्या सिनेमांशी तुलना करतो म्हणजे तुमचा नायक कुठल्या जातकुळीतला आहे ते तुम्हाला ठरवता येईल. लुईजी झाम्पाचा १९५४ चा 'लार्ते दि आर्रांज्यार्सी', लिहिलाय विताल्यानो ब्रांकातीने, जो त्याच वर्षी गेला. नायक सासा शिमोनी, कातानियाचा, आल्बेर्तो सोर्दीने केलेला. हा माणूस पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून पन्नाशीच्या दशकापर्यंत, वारा फिरेल तसा समाजवादी, मग फॅसिस्ट, मग कम्युनिस्ट, मग ख्रिश्चन डेमोक्रॅट होत जातो, आणि शेवटी रस्त्यावर दाढीची ब्लेडं विकतो. सासाचं एक मोठं कारस्थान नाही, हजार छोटी आहेत, म्हणून तिथे पटकथा एका डावावर उभी राहत नाही, ती देशाच्या इतिहासावर उभी राहते, सत्ता बदलली की प्रसंग बदलतो. तुमचा नायक जर रोज नवा डाव टाकणारा असेल तर हा सिनेमा बघा, पण मग तुम्हालाही काळाचा तसाच कणखर कणा लागेल, नाहीतर सुट्या विनोदी प्रसंगांची माळ होईल. दिनो रीझीचा १९५९ चा 'इल व्हेदोव्हो' फेफेच्या जास्त जवळचा, पुन्हा सोर्दी, मिलानमधला लिफ्टचा कारखाना बुडवणारा उद्योजक, श्रीमंत बायकोच्या मरणाची वाट बघणारा. ती आगगाडीच्या अपघातात गेली अशी बातमी येते, हा खूश, आणि ती जिवंत परत. मग तो लिफ्टचा डाव रचतो आणि त्यात स्वतःच मरतो. मला हा सिनेमा आवडतो, फ्रांका व्हालेरी बायकोच्या भूमिकेत जबरदस्त आहे, पण बघा, इथे नायक हरतो, कारण मिलानमध्ये त्याच्यामागे कुणीच नाही, ना कायदा, ना गाव. त्याची हाव त्याची एकट्याची आहे. फेफे जिंकतो कारण त्याच्यामागे सगळे आहेत. एकाच मातीतले दोन नवरे, शेवट उलटे, आणि ते उलटे का आहेत याचं कारण पूर्णपणे त्यांच्या जगात आहे, स्वभावात नाही.

जेर्मी मुळात कॉमेडीवाला नव्हता हेही इथे सांगायला पाहिजे. जेनोआचा माणूस, उत्तरेकडचा. १९४९ मध्ये सिसिलीतल्या माफियावर 'इन नोमे देल्ला लेज्जे', १९५० मध्ये गंधकाच्या खाणीतले कामगार सिसिलीहून फ्रान्सकडे निघतात त्यावर 'इल काम्मीनो देल्ला स्पेरांत्सा', १९५६ मध्ये रेल्वे ड्रायव्हरच्या घरची गोष्ट 'इल फेर्रोव्हिएरे', सगळे गंभीर. अब्रूसाठी होणाऱ्या खुनांवरही त्याला गंभीर सिनेमाच करायचा होता. जोव्हान्नी आर्पीनोची कादंबरी हाताशी होती, आणि एन्निओ दे कोन्चीनी, आल्फ्रेदो जान्नेत्ती यांच्याबरोबर पटकथा लिहिताना ती कॉमेडीकडे वळली. मला यात काही आश्चर्य वाटत नाही. ५८७ कलम गंभीरपणे मांडलं की प्रेक्षक म्हणतो अरेरे किती वाईट, आणि घरी जातो, खुनी कुणीतरी दुसराच राहतो. तेच कलम एका चतुर माणसाच्या हाती दिलं आणि त्याने ते वाचून सोयीचं वापरलं की कायद्याचा मूर्खपणा आपोआप उघडा पडतो, कुणी भाषण करायला लागत नाही. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात १९६२ ला सर्वोत्कृष्ट कॉमेडीचं बक्षीस मिळालं आणि १९६३ च्या ऑस्करला मूळ पटकथेचं पारितोषिक, इटालियन भाषेतल्या सिनेमाला, शिवाय जेर्मीला दिग्दर्शनाचं आणि मास्त्रोयान्नीला अभिनयाचं नामांकन.

कायदा मात्र लगेच बदलला नाही. घटस्फोटाचा कायदा आला डिसेंबर १९७० मध्ये, तो रद्द करावा म्हणून मे १९७४ मध्ये सार्वमत घेतलं गेलं आणि सुमारे ५९ टक्के लोकांनी तो ठेवायच्या बाजूने मत दिलं. ५८७ कलम जायला ऑगस्ट १९८१ उजाडलं, म्हणजे सिनेमानंतर जवळजवळ वीस वर्षं. त्याच कायद्याने ५४४ कलमही गेलं, ज्यात बलात्कार करणाऱ्याने त्या मुलीशी लग्न केलं की गुन्हा पुसला जायचा. त्यावरही जेर्मीने १९६४ मध्ये सिनेमा केला, 'सेदोत्ता ए आब्बान्दोनाता', पुन्हा सिसिली, पुन्हा सांद्रेल्ली, आणि या वेळी कटकारस्थान करणारा नायक म्हणजे मुलीचा बाप, अब्रूसाठी घरातल्या एकेकाला पिळून काढणारा, सारो उर्झीने केलेला, त्याला कानमध्ये अभिनयाचं बक्षीस मिळालं. दोन सिनेमे लागोपाठ बघा. दुसरा जास्त कडवट आहे आणि तिथे हसू घशात अडकतं, मला वैयक्तिकदृष्ट्या पहिला जास्त नेटका वाटतो, दुसरा जास्त धाडसी.

तुमच्या पटकथेकडे वळतो. पटकथा मी वाचलेली नाही, जेवढं सांगितलंय त्यावरून बोलतोय. तुमचा तरुण ज्या लोकांना गुंडाळतो त्यांनी ते गुंडाळून घेणं कशामुळे शक्य होतं, कुठला नियम, कुठली रीत, कुठली सरकारी योजना, जमिनीच्या कागदातली कुठली फट, लग्नाच्या बाजारातली कुठली समजूत, ते नाव घेऊन सांगता येतंय का बघा. नुसतं 'लोक भोळे आहेत' हे उत्तर चालणार नाही. तो नियम पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत प्रेक्षकाला स्वच्छ समजला पाहिजे, फेफे पुस्तक उघडून कलम वाचतो तितका स्वच्छ, त्यात लाजायचं कारण नाही. मग त्या नियमात अशी एक अट शोधा जी तुमच्या नायकाला सगळ्यात गैरसोयीची आहे, फेफेला जशी प्रेमळ बायको, आणि सगळा मधला भाग त्या अटीशी झटण्यात जाऊ द्या. त्याला अडवणारा व्हिलन मुद्दाम आणायची गरज पडणार नाही.

आणि पुढचा ड्राफ्ट लिहायच्या आधी एक काम करा, मी माझ्या विद्यार्थ्यांकडूनही करून घेतो. तुमच्या नायकाच्या बचावाचं भाषण लिहा, पानभर, पण त्याच्या तोंडचं नाही, गावातल्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाच्या तोंडचं, सरपंच असेल, वकील असेल, शाळेचे हेडमास्तर असतील, ज्याचा यात काही स्वार्थ नाही आणि जो हे सगळं मनापासून बोलतोय. ते भाषण भरभरून आलं, ऐकणाऱ्याला क्षणभर पटलं, तर तुमचं जग तयार आहे आणि नायक आहे तसाच राहू दे, वाचणाऱ्यांनी कितीही सांगितलं तरी. भाषण चार ओळींत अडलं तर नायकाचा एकही सीन बदलू नका, आधी त्या हेडमास्तरांचा सीन लिहायला घ्या.